मतदार टीव्ही बघून मत देत नाही

येवलेकर: इथल्या एका पोस्टमध्ये लिहिलंय की खेड्यातला मतदार चॅनेलवाले झुलवतील तसा झुलतो. वाचून डोकं फिरलं. २०२४ची लोकसभा आठवा. १ जूनला बहुतेक एक्झिट पोल एनडीएला साडेतीनशेपार नेत होते, निकालात आकडा २९३ निघाला. महाराष्ट्रात महायुतीला ४८पैकी १७. आमच्या दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री पडल्या त्या कांद्यामुळे. डिसेंबर २०२३मध्ये निर्यातबंदी आली आणि भाव बसला. ते सांगायला अँकर लागला नाही.

जुना_उपसंपादक: अहो, पण पेपरांचं काय? २००९च्या विधानसभेला मी जिल्हा आवृत्तीत होतो. उमेदवाराचा माणूस मजकूर, फोटो, पाकीट घेऊन यायचा. आम्ही फक्त मथळा द्यायचो. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर शब्दन् शब्द शेजारच्या पेपरातही. लोक ती बातमी समजूनच वाचायचे. पेड न्यूजवर प्रेस कौन्सिलला चौकशी करावी लागली ती उगाच नाही.

सोलापूरची_लेक: आणि नोव्हेंबरच्या विधानसभेचं काय? पाच महिन्यांत तीच महायुती २८८पैकी २३०वर गेली. माझ्या आईला लाडकी बहीणचे दीड हजार आल्याचं बँकेच्या मेसेजवरून कळलं. टीव्ही तर महिनाभर बंदच होता.

येवलेकर: ताई, दीड हजाराचं कौतुक नको. क्विंटलला बाराशेने कांदा दिलाय आम्ही. व्यापारी ट्रॉलीतला मूठभर कांदा उचलतो, दोन बोली होतात, संपलं. त्यात ऐन निवडणुकीत गुजरातच्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी दिली. आमच्या लाल कांद्याने काय घोडं मारलं होतं?

कोथरूडकर: भाव वाढला की मात्र तुम्ही गप्प! ऐंशी रुपये किलोने घेतलाय आम्ही. गिऱ्हाईकाने काय उपाशी मरायचं?

येवलेकर: त्या ऐंशीतले आम्हाला किती मिळाले, ते विचारा आधी! साठवणीच्या चाळीत सडलेला कांदा स्वतःच्या हाताने उकिरड्यावर टाकलाय का कधी? नसेल तर शिकवू नका.

कोथरूडकर: आवाज चढवून मुद्दा सिद्ध होत नाही.

जुना_उपसंपादक: कांदा बाजूला ठेवा हो दोघं! येवलेकर, तुमच्याच दिंडोरीत शरद पवारांचे उमेदवार भगरे सर, त्यांचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला नुसती तुतारी मिळाली आणि लाखावर मतं पडली. चिन्हांतला फरक माध्यमांनी रोज नीट दाखवला असता, तर एवढा घोळ झाला असता का?

येवलेकर: तरी आमचे भगरे सर लाखाहून जास्त फरकाने आले. पण बरं, तेवढं मान्य. माणूस ठरवून जातो आणि चिन्हाशी फसतो. त्याचं मन मात्र चॅनेलने बदललं नव्हतं.

कोथरूडकर: निर्यातबंदी मे महिन्यात उठली हे मला निकालानंतर समजलं, एवढं मी कबूल करतो. आमच्या टीव्हीवर कांदा म्हणजे महागाई, एवढंच दाखवतात. पण ऐंशीतला तुमचा वाटा जातो कुठे, ते बाजार समितीत बसलेल्या तुमच्याच पुढाऱ्यांना कधी विचारलंत का?

येवलेकर: विचारलंय. तीही बातमी कुणी छापली नाही.