मदत हवी आहे: बार्बाडोसमध्ये नवऱ्याचे कागदपत्र, की सरळ कुरासाव?

नमस्कार मंडळी, मी मूळचा सांगलीचा, आता अमेरिकन नागरिक, गे आहे, नवरा टेक्सासचा. दीड वर्ष झालं आम्ही दोघं बार्बाडोसला राहून ऑनलाइन काम करतोय. तसं निवांत आहे, डिसेंबर 2022 मध्ये इथल्या कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कायदे रद्द केले, शेजारच्या मावशी गरम फिशकेक आणून देतात आणि दरवेळी विचारतात "तुझा भाऊ कुठंय?" (मी पण हसून सोडून देतो, काय करणार).

पण आमचं लग्न इथे मानत नाहीत ना. परवा नवऱ्याला अचानक ॲडमिट केलं तर फॉर्मवर मी 'मित्र', सही कुणाची चालेल यातच अर्धा तास गेला, डोकंच फिरलं माझं.

तर कुणी मेडिकल पॉवर ऑफ ॲटर्नी (आजारपणात जोडीदाराच्या वतीने निर्णय घ्यायचं अधिकारपत्र) केलीये का, अमेरिकेतली इथे चालते का परत करावी लागते? आणि कुरासाव किंवा अरुबाला (कॅरिबियनमधली डच बेटं) कुणी मराठी आहे का, तिकडे 2024 पासून समलिंगी लग्न कायदेशीर आहे म्हणून जायचा विचार चाललाय, पण घरभाडं किती, इंग्रजीवर भागतं की तिथली भाषा पापियामेंतू शिकावीच लागते? आई मार्चमध्ये येणारे, त्याआधी ठरवायचंय. इनबॉक्समध्ये सांगितलं तरी चालेल.