विषय: नहपानाचं नाणं, पितळ की रेझिन? सोमवारच्या आत सांगा

प्रेषक: माई (मुक्काम नाशिक, जानेवारीपर्यंत)

मंडळी,
तांबटदादांना सोमवारी सकाळी कळवायचं आहे, म्हणून घाईने लिहिते. मेणाचा नमुना झाला. सात इंची आहे, पोह्यांच्या बशीएवढा. क्षत्रप राजा नहपानाचा चेहरा आणि त्याच्या गालावर, त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्राने ठोकलेला तीन कमानींचा डोंगर. संग्रहालयात अंध मुलांना हाताने पाहायला ही प्रतिकृती. मूळ नाणं नखाएवढं, बोटाला त्यातलं काही कळत नाही, म्हणून मोठं करायचं हे बैठकीत ठरलंच होतं. प्रश्न एवढाच उरलाय की घडवायचं कशात. खजिनदार म्हणतात रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं, मी म्हणते पितळ. सातवाहन राजाचा ठसा मुलांच्या हाताला डब्याच्या झाकणासारखा लागू नये. 3 डिसेंबरला मुलं येणार, दिवस थोडे आहेत.

प्रेषक: खजिनदार

माई, पितळेला माझा विरोध नाही. पण दिवाळी पहाटच्या कार्यक्रमातून उरलेली शिल्लक तेवढीच आहे आणि संग्रहालयाच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. सहा-सहा इंच धरल्या तरी दीड फूट चढ झाला. 1:12 चा उतार (एक फूट चढाला बारा फूट लांबी) ठेवायचा तर रॅम्प अठरा फूट लांब लागतो, वर खुर्ची वळवायला जागा वेगळी. मागच्या वेळी आपण फळी टाकली आणि त्या काकांना चाकाच्या खुर्चीसकट चौघांनी उचलून आत नेलं. त्यांनी पूर्ण वेळ डोळे मिटून घेतले होते. तसं पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये. कला सर्वांना सुलभ करा हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 29 मध्येच लिहिलंय. म्हणून म्हणतो, रेझिन करा, वाचतील ते पैसे रॅम्पला द्या.

प्रेषक: अण्णा

एक दुरुस्ती. तांबट ठोकतो, ओतत नाही. ओतकाम ओतारी करतात. माझं आजोळ तांबट आळीतलं, सकाळी ठोक्यांच्या आवाजानेच जाग यायची, तेव्हा यात मला बोलू द्या. माई ज्यांना भेटतायत ते ओतारीच असणार, नीट विचारून घ्या.

आता पितळेचं. आजीच्या लग्नातला तांब्या माझ्याकडे इथे आहे. त्यावर टिंबाटिंबांनी ठोकून तिचं माहेरचं नाव घातलं होतं. रोज चिंच आणि राख लावून घासता घासता पहिली दोन अक्षरं साफ गेली, आता फक्त शेवटची वेलांटी बोटाला लागते. संग्रहालयात पितळ काळवंडलं की कुणीतरी सफाईवाला प्रामाणिकपणे पितांबरी घेऊन बसणार. दहा वर्षांत नहपानाचं नाक गुळगुळीत. पितळच करायचं असेल तर घासायचं नाही ही सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात, शेजारीच लावा.

प्रेषक: बापू

धातूला हात लावणं काही नवीन नाही. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात 1972 पासून अंध प्रेक्षकांना शिल्पं हाताने पाहू देतात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015 पासून स्पर्शाने पाहायच्या प्रतिकृतींचं दालन आहे.

पण मला वेगळं विचारायचंय. आईची दृष्टी गेल्यावर मी तिला एका संग्रहालयात घेऊन गेलो होतो. कुठलं ते राहू द्या. दगडी नंदीच्या पाठीवर तिने हात ठेवला मात्र, रखवालदार ओरडला. तिने हात मागे घेऊन पदरात गुंडाळला, तो बाहेर पडेपर्यंत तसाच. आपण सगळे डोळस माणसं पितळ-रेझिन करतोय. ज्यांची बोटं त्यावर फिरणार त्यांच्यापैकी एकाला तरी नमुना दाखवला का?

प्रेषक: माई

बापू, रास्त बोललात. काल संध्याकाळी नमुना टॉवेलात गुंडाळून ताईंकडे घेऊन गेले. त्या जन्मापासून अंध, नोकरीभर टेलिफोन ऑपरेटर. मी काहीच सांगितलं नाही. आधी त्यांनी कडेवरून पूर्ण फेरी मारली, मग आत शिरल्या. नाक मिळालं, ओठ मिळाले. गालावर बोट थांबलं. “इथे काहीतरी वरून बसलंय. चेहऱ्याचं नाही हे. आधी चेहरा, मग हे.” माझ्या अंगावर काटा आला. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला 13,000 वर नाणी सापडली, त्यातल्या 9,000 वर नाण्यांवर हेच घडलंय, आणि ते त्यांनी मिनिटभरात वाचलं.

मग म्हणाल्या, नुसता चेहरा असलेलं नाणंही शेजारी ठेवा, म्हणजे मुलांना काय बदललं ते कळेल. ब्रेल पाटी भिंतीवर नको, टेबलाच्या उतरत्या कडेला हवी. उभ्या भिंतीवर वाचताना मनगट दुखतं. आणि ब्रेल मराठीतच हवं. धातूचं विचारलं तर म्हणाल्या, “गार लागतं, छान. पण एकापेक्षा दोन बरी.” (अण्णा, ओतारीच आहेत ते. माझी चूक.)

प्रेषक: अण्णा

दोन रेझिनची करा मग, मी हट्ट धरत नाही. पण मूळ आकाराची एक चकती धातूची ठेवा, दोन-सव्वादोन ग्रॅमची, साखळीला अडकवून. किती हलकं नाणं होतं ते तळहाताला कळू द्या. ती माझ्याकडून. शिवाय पांडवलेण्याच्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात लेकाने खखरात वंश, म्हणजे नहपानाचं घराणं, निःशेष केल्याचं कोरलंय. इतक्या पायऱ्या चढून तिथवर ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी तेवढी ओळ पाटीवर घ्या.

प्रेषक: खजिनदार

दोन रेझिन धरतो. ओतारीदादांनी मेणावर मेहनत घेतलीय, तिचे पैसे माई, सोमवारी हातावर ठेवा. पाटीचा मजकूर छपाईआधी ताईंना वाचायला द्या, आणि त्या वेळेचं मानधनही हिशेबात धरा, फुकट नको. येताना संग्रहालयापाशी थांबून तिन्ही पायऱ्यांची उंची टेपने मोजा. सहा इंच हा माझा अंदाज आहे, त्यावर मी रॅम्प सांगणार नाही.