मदत हवी: गल्ल्यातली पाच नाणी, टांकसाळीची चूक की नंतर कुणीतरी ठोकलेली?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात झेरॉक्स-स्टेशनरीचं छोटं दुकान आहे, त्यामुळे दिवसभर हातात एक-दोनचीच नाणी. (इथे गिऱ्हाईक 'परचूरण छे?' विचारतं आणि घरी आई परचुरण म्हटलं की सटरफटर सामान समजते, तो वेगळा विषय.) सुट्टीत भाचा राहायला आला होता, त्याने 'हे नाणं असेल तर लखपती व्हा' टाइपचे व्हिडिओ बघून बघून गल्ला पालथा घातला, पाच नाणी बाजूला काढली आणि त्यावर गिअरची सायकल ठरवूनपण टाकली. आता तो रोज फोन करतो, मामा विकली का.

मी एका साइटवर फोटो टाकले तर दुसऱ्या दिवशी फोन, तुमचं दोनचं नाणं घेतो पण आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा. तिथेच ठेवला. नंतर कळलं की रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच लोकांना सांगितलंय, आमच्या नावाने जुन्या नाण्यानोटांवर कमिशन किंवा टॅक्स मागणाऱ्यांना भुलू नका. म्हणून किमतीचं सोडा, मला फक्त ओळखायचं कसं ते हवंय.

दोनचं नाणं स्टीलचं मोठं, क्रॉसवालं, २००६ चं. कडेला उंदराने कुरतडल्यासारखा पण एकदम गोल घास आहे. मग एकचं जुनं स्टीलचं, कड जाड होऊन आत वळलीये आणि अक्षरं कडेत घुसल्यासारखी दिसतात, शेजारी दुसरं ठेवलं तर हे चक्क लहान, पट्टीवर जेमतेम २३ मिमी भरतंय. पाचचं पिवळं आहे त्यावर कडेपासून सिंहांपर्यंत एक बारीक रेघ, नख फिरवलं की अडकतं. दहाच्या नाण्याचा आतला गोळा थोडा फिरलेला वाटतो, आतलं डिझाइन बाहेरच्या रिंगशी जुळत नाही. आणि अजून एक एकचं, ज्यात मला काहीच दिसत नाही पण भाचा म्हणतो वर्षाखाली ठिपका नाही म्हणजे एरर.

लहानपणी आम्ही प्रतापनगरच्या छोट्या लाइनवर अ‍ॅल्युमिनियमचं दहा पैशाचं नाणं ठेवायचो, गाडी गेली की पापड. तसलेच पापड आता नेटवर 'रेअर एरर' म्हणून बघितले आणि माझा सगळ्यावरचाच विश्वास उडाला. जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद – छापकाटा

भाच्याचं आधी मिटवू. वर्षाखालची खूण म्हणजे टांकसाळीची ओळख: ठिपका म्हणजे नोएडा, चौकट म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद आणि काहीच नसेल तर कोलकाता. खूण नसणं हीच कोलकात्याची खूण, गल्ल्यात अशी ढीगभर सापडतील.

बाकीच्यांना एकच प्रश्न विचारायचा, धातू गेला कुठे? एकचं जे आखडलंय त्याचं वजन करा. १९९२ ते २००४ चं स्टीलचं एकचं २५ मिमी आणि ४.८५ ग्रॅम. वजन तेवढंच भरलं तर धातू कुठे गेलाच नाही, नुसता ढकलला गेलाय, म्हणजे कुणीतरी कड ठोकत ठोकत फिरवलीये. अंगठी करायला घेऊन अर्धवट सोडलेलं असतं बरेचदा. टांकसाळीत चकती छापताना भोवती कॉलर, म्हणजे घट्ट कडं असतं, तिच्यात दाबली गेलेली चकती अशी आत वळत नाही.

दहाचं विसरा. गोळा आणि रिंग छापाच्या त्याच एका दणक्यात जोडले जातात, दोघांवरचं डिझाइनही त्याच दणक्यात उमटतं. मग गोळा एकीकडे आणि रिंग दुसरीकडे बघते कशी? कुणीतरी ठोकून काढला आणि परत बसवला. गोळा बाजूला सरकलेला असेल आणि छाप मात्र दोन्ही धातूंवर सलग गेलेला असेल तर ती खरी चूक.

प्रतिसाद – गुळगुळीत पैसा

दोनचं नाणं इंटरेस्टिंग आहे, ते गल्ल्यात टाकू नका. पत्र्यातून चकत्या कापताना पंच आधीच्या भोकावर थोडा चढला की असा गोल घास पडतो. आता घासाच्या बरोब्बर समोरची कड बघा. खरं असेल तर तिथे किनार पुसट, दबल्यासारखी असते, कारण चकतीची कड वर उचलताना घासाच्या जागी दाब बसत नाही आणि समोरही तो कमी पडतो. कानशीने घासलं असेल तर समोरची किनार ठणठणीत राहते, अक्षरं चाकूने कापल्यासारखी तुटतात आणि भिंगातून कानशीच्या रेघा दिसतात. पूर्ण नाणं ५.८ ग्रॅमचं, घासाच्या अंदाजाने कमी भरायला हवं.

पाचच्या रेघेला नखाचा उपयोग नाही, नख खड्ड्यातही अडकतं आणि उंचवट्यालाही. रात्री लाइट बंद करून मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या एका बाजूला, अगदी टेबलाला टेकवून धरा. अक्षरं वर आलेली असतात, त्यांची सावली टॉर्चच्या विरुद्ध बाजूला पडेल. रेघेची सावली पण त्याच बाजूला पडली तर रेघ उंच आहे, म्हणजे डायला (छाप उमटवणाऱ्या ठशाला) तडा गेला होता, त्यात धातू शिरला. उलट्या बाजूला पडली तर ओरखडा.

अजून एक. आपली नाणी सरळ धरून पुस्तकाच्या पानासारखी उलटली की मागची बाजूपण सरळच दिसते. तिरकी किंवा उलटी आली तर डाय फिरलेला होता. मला सगळ्यात आवडते ती ही चूक, हातोडीने घरी करताच येत नाही.

प्रतिसाद – पोळवाली

थोडं अवांतर, आजीकडे गायकवाडी तांब्याचे जाड पैसे आहेत, त्यावर अर्धी अक्षरंच नाहीत. हे पण एरर का?

प्रतिसाद – छापकाटा

नाही ताई. हाताने पाडलेल्या नाण्यांत ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, जेवढा बसला तेवढा बसला. फक्त ते चिंचेने घासू नका हां!

धागाकर्ता

मांडवीजवळच्या ओळखीच्या सोनाराकडे जाऊन आलो. तो आधी हसला, मग स्वतःच भिंग लावून बसला. एकचं ४.८ भरलं, म्हणजे ठोकलेलंच. दोनचं ५.४, आणि समोरची किनार खरंच पुसट आहे, बोटाला कळते, इतके दिवस मी घासाकडेच बघत बसलो होतो. कानशीची रेघ सोनारालाही दिसली नाही. पाचच्या रेघेची सावली अक्षरांच्या उलट पडली, बायकोने टॉर्च धरला होता, तिलाही तसंच दिसलं.

दोनच्या दोन्ही बाजूंचे आणि किनारीचे फोटो रविवारी दुकान बंद असताना टाकतो, घासाजवळची अक्षरं ताणल्यासारखी वाटतायत ती जरा बघून सांगा. बाकीची चार गल्ल्यात परत टाकली, पाचचं तर सकाळीच स्पायरल बाइंडिंगच्या सुट्ट्यात गेलंसुद्धा. भाच्याला अजून सांगितलेलं नाही, त्याने काल सायकलचा रंग कळवलाय.