९५ टक्के, पण कुठल्या रक्तात?
खोक्यावर '९५ टक्के अचूक' छापलंय तेच मलेरिया किट (रक्ताच्या थेंबात मलेरिया असेल तर पट्टीवर रेघ उमटवणारं) घ्यावं, असा सल्ला वाचला. पण हे ९५ टक्के कुठल्या रक्तातले? एका मायक्रोलिटरमध्ये २००० परजीवी असतील तर चांगल्या किट्सवर रेघ ठसठशीत उमटते. खरा कस लागतो तो २०० च्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासणीत दोन्ही पातळ्यांचे नमुने असायचे ते याचसाठी. तुलना करताना खालच्या पातळीचा निकाल बघा.

दुसरं, किट नक्की काय पकडतं? फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक परजीवीसाठी बहुतेक किट्स त्याने तयार केलेलं एचआरपी-२ हे प्रथिन शोधतात. ते उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहू शकतं. त्यामुळे कोर्स संपवलेल्या माणसाची पट्टी पॉझिटिव्ह आली म्हणजे औषध फसलं असं नाही. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची स्लाइडच बघायला हवी. उलट बाजू जास्त घातक आहे. या प्रथिनाचं जनुकच नसलेले परजीवी पेरूत सापडल्याची नोंद २०१० साली प्रसिद्ध झाली, पुढे एरिट्रियातही तेच दिसलं. पेशंट तापाने फणफणलेला आणि किट कोरं! अशा निसटणाऱ्या केसेस ५ टक्क्यांवर गेल्या तर किटच बदला, असं संघटना सांगते.

आणि गडचिरोलीत आशाताई गावातच बोट टोचून चाचणी करतात. तिथे मे महिन्याच्या उकाड्यात किट्स कुठे ठेवली होती, थेंब टाकल्यावर किती मिनिटांनी रेघ वाचली, हे न बघता केलेलं मूल्यमापन मला अर्धवट वाटतं.