मदत हवी आहे: अल्बम तयार आहे, पण एका गाण्याच्या गीतकाराच्या रकान्यात काय लिहू?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीतले चौघं, आमचा इंडी पॉप बँड आहे. दीड वर्ष खपून पहिला अल्बम झालाय, आठ गाणी, सगळी मराठीत. तानपुरा मिरजेत बनलेला, खराखुरा. तो सूर गिटारखाली ऐकला की अजून अंगावर काटा येतो.

अडलंय ते सहाव्या गाण्यात. त्याचं ध्रुवपद म्हणजे माझी आजी जात्यावर म्हणायची त्या दोन ओव्या. कडवी माझी. गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणाऱ्या वितरकाच्या फॉर्मवर गीतकाराचं नाव द्यावं लागतं. तिथं 'पारंपरिक' आणि माझं नाव, दोन्ही लिहू का? ओव्या आजीनं स्वतः रचल्या की तिच्या आईकडून आल्या, हे सांगणारं आता घरात कुणी उरलं नाही. आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) असं गाणं नोंदवताना हिस्सा कसा दाखवतात? लोकगीतावर काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. आजीचं श्रेय माझ्या नावावर जायला नको.

मास्टरिंगबद्दलही, म्हणजे गाण्याच्या आवाजावरच्या शेवटच्या कामाबद्दलही, विचारायचंय. स्पॉटिफाय आवाज साधारण उणे 14 लफ्सवर (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणतं, मग गाणं दाबून उणे 8 इतकं मोठं करून काय मिळतं? आमचा तानपुरा त्यात चिरडतोय.

स्पॉटिफायच्या प्लेलिस्टसाठी गाणं प्रकाशनाच्या निदान 7 दिवस आधी पाठवावं लागतं, म्हणून तारीख जाहीर केलेली नाही. प्रकाशनाला भावे नाट्यमंदिर आम्हाला फार मोठं होईल. सांगली-मिरजेत साठ-सत्तर माणसं बसतील आणि आवाज घुमणार नाही अशी जागा कुणाला माहीत आहे का?