गोळाफेक: मुलं गोळा चेंडूसारखा फेकतात, काय करावं?

मैदानमित्र: आठवी-नववीची मुलं आहेत, गोळा ४ किलोचा. गोळा मानेपासून सुटतो, कोपर खाली येतो आणि हात मागे नेऊन फेक होते. दोघांचे कोपर दुखायला लागलेत. ग्लाइड (पाठमोरं उभं राहून एका पायावर वर्तुळात मागे सरकत येऊन ढकलणं) सुरू करू का? मुलांना तर मोबाइलवर पाहून गिरकी घेऊनच फेकायचंय.

खडूपूड: ४ किलोचा गोळा आधी बाजूला ठेवा. २ किलोचा गोळा किंवा मेडिसिन बॉल (व्यायामाचा मोठा, जड चेंडू) द्या. गोळा पेलत नाही म्हणून मूल हात मागे नेऊन झोका देतं, आणि कोपर तिथेच दुखावतो. शिवाय गोळा खांद्यांच्या रेषेमागे गेला की फाउल. मधली तीन बोटं गोळ्यामागे, अंगठा-करंगळी बाजूंनी आधाराला. गोळा जबड्याखाली मानेला टेकलेला, कोपर धडापासून साधारण ४५ अंश बाहेर. गोळ्याला खडूची पूड चोळून बघा: बोटांची मुळं आणि मान पांढरी, तळव्याचा मध्य कोरा, तर पकड बरोबर. आणि मैदानावर ‘फेक’ म्हणूच नका, ‘ढकल’ म्हणा. खेळाच्या नावातली ‘फेक’च मुलांना चुकवते.

डावापाय: ग्लाइडची घाई नको. आधी उभ्यानं, तेही पुष्कळ दिवस. उजव्या हाताच्या मुलाचं वजन वाकवलेल्या उजव्या पायावर. हनुवटी, गुडघा, चवडा एका उभ्या रेषेत. मग क्रम: उजवी टाच बाहेर वळते, त्यामागून कंबर, मग छाती, हात सगळ्यात शेवटी. बहुतेक मुलं हातानंच सुरुवात करतात, पायांचा जोर वाया जातो. ढकलताना डावा पाय खांबासारखा ताठ हवा. तो मुडपला की गोळा खाली जातो. सुटण्याचा कोन ३५ ते ४० अंश पुरतो. गोळा खांद्याच्याही वरून सुटतो आणि फार उंच ढकलताना वेग कमी पडतो, म्हणून ४५ चा आग्रह नको.

मैदानमित्र: आणि गिरकी?

खडूपूड: आत्ता नकोच. २.१३५ मीटरच्या वर्तुळात तोल सांभाळण्यातच सगळं लक्ष जातं. भारताचा गोळाफेकपटू तजिंदरपाल सिंग तूर २०२३ मध्ये २१.७७ मीटरपर्यंत गेला तो ग्लाइडनंच, हे मुलांना सांगा. स्टॉप बोर्डच्या (वर्तुळाच्या पुढच्या कडेवरच्या अडसर-पट्टीच्या) आतल्या बाजूला पाय टेकलेला चालतो, वरच्या कडेला लागला की फाउल. गोळा पडल्यावरच बाहेर, तेही मागच्या अर्ध्या भागातून.

डावापाय: सगळ्यांच्या फेकी झाल्याशिवाय गोळे उचलायला कुणी आत जायचं नाही. गोळे हातात घेऊन परत आणायचे, उलटे फेकायचे नाहीत. ओला गोळा फडक्यानं पुसूनच द्या.