पिशवीत मॅश करतो, सॉफ्टवेअर मात्र स्पार्जचं पाणी वेगळं काढतंय, सेटिंग काय ठेवू?

यारा_काठचा:
नमस्कार मंडळी, मी मेलबर्नला असतो, घरी बीअर करायला लागून वर्ष होत आलं. आधी एक्स्ट्रॅक्टचे डबे आणायचो, आता ब्रू-इन-अ-बॅग (बीआयएबी) करतोय, म्हणजे भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) पिशवीत घालून गरम पाण्यात मुरवायचं, तेच मॅश. ४० लिटरचा इलेक्ट्रिक अर्न (पाणी तापवायचं भांडं), त्यात वॉइलच्या कापडाची पिशवी, सगळं पाणी एकदमच, वेगळा स्पार्ज (मॅशनंतर माल्ट वेगळ्या पाण्याने धुणं) नाही. परवा ५ किलो माल्टची पेल एल केली, गॅलक्सी हॉप्स घालून, फर्मेंटरमध्ये २१ लिटर हवी होती. रेसिपीचा हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरने सांगितलं मॅशला १३ लिटर पाणी ७३.५ डिग्रीला आणि स्पार्जला १९ लिटर. मी विचार केला बेरीज ३२ होते ना, मग सगळं ३२ लिटर ७३.५ ला तापवलं आणि माल्ट टाकलं. ६६ ला बसायला हवं होतं तर थर्मामीटर ७० दाखवत होता, अर्धा तास झाला तरी उतरेना. ओजी (आंबण्याआधीची घनता) १.०५० ऐवजी १.०४४ आली आणि आंबून शेवटी १.०१७ ला येऊन अडकली, १.०१२ पर्यंत जायला हवी होती. ५ टक्क्यांची बीअर साडेतीन टक्क्यांची झाली आणि चवीला गोडसर. वाईट वाटलं कारण ही बॅच भावाच्या गृहप्रवेशासाठी होती. सॉफ्टवेअरमध्ये एफिशियन्सी (माल्टमधली किती टक्के साखर हाती लागते तो आकडा) ७५ वर होती, आधीपासून होती तशीच ठेवली. नक्की कुठे काय बदलू?

भरड_आणि_हॉप्स:
दादा, आकडे नीट लिहिलेत त्यामुळे सांगता येतंय. तुमचं सॉफ्टवेअर चुकलेलं नाही, त्याला वाटतंय तुम्ही वेगळ्या मॅश टनमध्ये (मॅशसाठीच्या भांड्यात) कमी पाण्यात घट्ट मॅश करताय. किलोला २.६ लिटर पाणी असेल तर थंड माल्ट त्या पाण्याची बरीच उष्णता खातं म्हणून ते साडेसात डिग्री वर तापवायला सांगतं. तुम्ही किलोला ६.४ लिटर घातलंत, तिथे माल्ट जेमतेम तीन डिग्री उतरवतं. माल्ट १८ डिग्रीचं धरलं तर ३२ लिटरला ६९ पुरे होतं. आणि ७० ला मॅश झालं की न आंबणारी साखर जास्त उरते, तुमची १.०१७ तिथूनच आली, यीस्टला दोष देऊ नका.

पहिलं काम म्हणजे मॅश प्रोफाइल बदला. बीअरस्मिथमध्ये बीआयएबी नावाची प्रोफाइलं तयारच आहेत, ती निवडली की स्पार्ज शून्य होतो आणि सगळं पाणी मॅशमध्ये जातं, तापमान आपोआप बरोबर येतं. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये असाल तर नो-स्पार्ज शोधा.

दुसरं, माल्ट किती पाणी पितं तो आकडा. साध्या मॅशला किलोमागे साधारण १ लिटर धरतात, पिशवी टांगून निथळली की त्याहून बरंच कमी राहतं. बीअरस्मिथमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये बीआयएबीचा आकडा वेगळाच आहे, मेट्रिकमध्ये साधारण ०.६ पडतो. पण उसना आकडा घेऊ नका, स्वतःचा काढा. मी स्टीलची पट्टी अर्नमध्ये उभी धरून दर लिटरला खूण केलीये. मॅशला ३१ लिटर घातलं होतं, मग पिशवी उचलून चक्का टांगतात तशी पर्गोलाच्या हुकाला वीस मिनिटं टांगली, खाली अर्न, थेंब थेंब सगळं आत. पट्टीवर २८.२ दिसलं, गरम वोर्ट (माल्टचं गोड पाणी) फुगलेला असतो म्हणून दोनेक टक्के वजा केले की २७.६. म्हणजे ५ किलोने ३.४ लिटर ठेवून घेतलं, किलोला ०.६८. तुमचंही याच्या आसपास असेल तर १.६ लिटर पाणी जादा गेलं आणि ओजीचे तीन पॉइंट (०.००३) तिथेच गेले. उरलेले तीन एफिशियन्सीचे, तुमची खरी ७० च्या आसपास आहे.

लेस्टर_मराठी:
वरच्याशी सहमत, फक्त बॉइल-ऑफ (उकळताना वाफ होऊन जाणारं पाणी) पण मोजा, तो विसरला की बाकी सगळं फुकट. साधं पाणी तासभर उकळून आधी-नंतर पट्टी लावायची. २४०० वॉटच्या अर्नमध्ये तासाला ३ लिटरच्या आसपास जातं, सगळी वीज वाफ करण्यातच गेली तरी चारच्या वर जाणार नाही. तेव्हा प्रोफाइलमध्ये ५-६ लिटर भरलेलं दिसलं तर ते गॅसच्या मोठ्या बर्नरचं समजा.

माझं भांडं १९ लिटरचंच आहे, फ्लॅटमध्ये मोठं ठेवायला जागा नाही. सगळं पाणी मावत नाही कारण माल्ट स्वतःच किलोला पाऊण लिटरच्या आत-बाहेर जागा घेतं. मग मी काही लिटर बाजूला ठेवते आणि नंतर केटलमध्ये (उकळायच्या भांड्यात) घालते, सॉफ्टवेअरमध्ये ते टॉप-अपच्या रकान्यात लिहायचं, मॅशच्या पाण्यात नाही, नाहीतर तापमानाचं गणित पुन्हा बिघडतं.

यारा_काठचा:
ताई, दादा, खूप आभार. दोन शंका आहेत, पिशवी पिळू का? लोक म्हणतात तुरटपणा येतो. आणि पाण्यातले क्षार पण सॉफ्टवेअर मॅश आणि स्पार्ज असे दोन भागांत दाखवतंय.

भरड_आणि_हॉप्स:
खुशाल पिळा. तुरटपणा पीएच चढला आणि तापमान फार वाढलं की येतो, हाताच्या दाबाने नाही. रबरी हातमोजे मात्र घाला, ६५ डिग्रीचा वोर्ट मनगटावर आला की कळतं. फक्त एक ठरवा, दरवेळी पिळायचं किंवा कधीच नाही, माल्ट किती पाणी पितं तो आकडा त्यावरच अवलंबून आहे.

क्षार सगळे मॅशमध्ये. मेलबर्नचं पाणी अगदी मऊ आहे, क्षार नाहीतच म्हणा ना, त्यामुळे जिप्सम आणि कॅल्शियम क्लोराइड पूर्ण ३० लिटरच्या हिशोबाने घ्या, स्पार्ज शून्य केला की सॉफ्टवेअर तेच दाखवेल. आणि माल्ट अजून बारीक भरडून घ्या, पिशवीत रवाळ चालतं, मॅश टनसारखं तळाशी तुंबत नाही. मी गिरणीची फट ०.९ मिमी ठेवतो.

यारा_काठचा:
काल बसून सगळं भरलं. पाणी उकळून बघितलं, बॉइल-ऑफ बरोबर ३ आला. ०.६८ सध्या तुमचाच घेतलाय, या बॅचला माझा मोजतो. एफिशियन्सी ७० केली तर माल्ट ५.३५ किलो झालं, स्पार्ज शून्य, पाणी ३०.६ लिटर, ६९.४ डिग्रीला. माल्ट आणलंय, बारीक भरडून. शनिवारी सकाळी लावतो, पट्टीवर खुणा करून झाल्यात.